मोडलं तर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रविवारी सकाळी आमच्या घरी मुलं वाद्यं हाताळायला येतात, तेव्हा सोडायला आलेले आईवडील हमखास विचारतात, "मॅडम, एवढी महागाची वाद्यं पोरांच्या हातात देता, मोडलं तर?"

मोडतं ना. मागे एका मुलाने खुंटी पिळता पिळता व्हायोलिनची तार तोडली, घोडीही (तारा ज्यावर टेकतात ती छोटी लाकडी पट्टी) आडवी झाली. पोरगं रडकुंडीला आलं. मी घोडी पुन्हा उभी केली. ती चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते, हे कळल्यावर त्याने डोळे पुसले आणि विचारलं, "मग अजून काय काय सुटं असतं?" त्या प्रश्नापुढे एका तारेचं मोल ते काय!

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याकडे सिनेमाची गाणी आठवतात. मी सिंफनी ऑर्केस्ट्राबद्दल बोलतेय, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवणारा मोठा वाद्यवृंद; आमच्याकडे मुलं हाताळतात ती वाद्यं त्यातलीच. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून तसा ऑर्केस्ट्रा आहे, पण सोलापूरहून मुलांना तिकडे नेणं किती जणांना जमणार?

व्हायोलिन देताना मी तारेवर घासायचा गज मुद्दाम राळ (झाडाचा वाळलेला चीक) न लावता कोराच देते. मूल गज ओढतं, आवाजच नाही. मग राळेचा खडा हातात ठेवते. गजाला ताणून बसवलेल्या घोड्याच्या शेपटीच्या केसांवर ती घासायची, पांढरी भुकटी उडेपर्यंत. आता ओढ! तार धरली जाते, सुटते, पुन्हा धरली जाते, आणि पहिला करकरीत सूर निघतो. त्या क्षणी मुलाचा चेहरा बघायला या एकदा.

ट्रंपेटची नळी उलगडली तर साधारण दीड मीटर भरते. म्हणून बागेच्या पाइपाचा तेवढाच तुकडा, एका टोकाला ट्रंपेटचं तोंड (ओठ टेकवून फुंकायचा भाग), दुसऱ्याला नरसाळं. ओठ थरथरवले की तो पाइप खरंच वाजतो! पाइप कापून आखूड केला की सूर चढतो. (ट्रंपेटचं ते तोंड दर मुलामागे धुते, काळजी नको.)

ओबो, हे ऑर्केस्ट्रातलं फुंकून वाजवायचं वाद्य, माझ्याकडे नाही. पण स्ट्रॉचं टोक चपटं करून टोकदार कापलं की ओबोसारखी दुहेरी पत्ती तयार. शहनाईलाही तशीच पत्ती असते, आणि शहनाईची धाकटी बहीण सुंद्री, नामवंत वादक सिद्राम जाधवांची, ती तर आपल्या सोलापूरची. पोरांना हे सांगताना माझा ऊर भरून येतो.

माझे बाबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पेटी कपाटावर असायची. "हात लावायचा नाही", त्या वाद्याबद्दल लहानपणी मला एवढंच शिकायला मिळालं. बाबा गेल्यावर पेटी उघडली, तर त्यातले पाच तुकडे कुठला कुठे बसतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी चाळिशीची होते. तीच पेटी आता रविवारी सतरंजीवर उघडी असते.

मोडलं तर मी बघेन. तुम्ही फक्त पोरांची नखं कापून पाठवा.