तुम्ही विचारलंत म्हणून: अंड्याच्या पांढऱ्यावर 85 टक्के आलं, मग औषध सापडलं का?

सबमिशन जवळ आलं की कोल्हापुरातल्या एम.फार्म. आणि एम.एस्सी. ऑरगॅनिकच्या मुलांकडून हा प्रश्न हमखास येतो. चाल्कोन बनवले, त्यावरून पायरॅझोलिन केले (दोन्ही सेंद्रिय संयुगांचे गट), अंड्याच्या पांढऱ्यावर टेस्ट लावली, 85 टक्के इनहिबिशन आलं, म्हणजे तापवल्यावर पांढरा गोठून येणारा गढूळपणा तेवढा कमी झाला. आता ‘अँटी-इन्फ्लमेटरी’ (सूज उतरवणारं) लिहू ना?

जे मोजलंत तेवढंच लिहा. तुम्ही मोजलाय तो गढूळपणा. सूज अजून लांब आहे.

या अल्ब्युमिन डिनॅच्युरेशन टेस्टची नेहमीची कृती अशी: 0.2 मिली अंड्याचा पांढरा, 2.8 मिली पीएच 6.4 चं फॉस्फेट बफर सलाइन आणि 2 मिली कंपाउंडचं द्रावण. 37 अंशांना 15 मिनिटं, मग 70 अंशांना 5 मिनिटं, थंड करून 660 नॅनोमीटरला रीडिंग. पहिली गफलत इथेच होते. 5 मिलीत तुमचं द्रावण 2 मिलीच आहे, त्यामुळे बाटलीवर मिलीला 500 मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर नळीत मिलीला 200 च असतं. ग्राफवर 500 टाकू नका.

दुसरी गफलत पिपेटची. पांढरा चिकट असतो, 0.2 मिली दर नळीत सारखा पडतच नाही. वीस नळ्यांसाठी 4 मिली पांढरा 56 मिली बफरमध्ये फेस न आणता हळूच ढवळा, मलमलीतून गाळा आणि प्रत्येक नळीत 3 मिली घाला. राजारामपुरीतून अंडी आणा नाहीतर शाहूपुरीतून, पण सगळ्या नळ्यांना एकाच दिवशी, एकाच मिश्रणातून. अंडं शिळं होत जाईल तसा पांढऱ्याचा पीएच 9 च्या पुढेही जातो, म्हणून मिसळल्यावर पीएच पुन्हा बघा.

हे पीएचचं प्रकरण दिसतं त्यापेक्षा जड आहे. 70 अंशांना पांढऱ्यातलं मुख्यतः ओव्होट्रान्सफेरिन हे प्रोटीन गोठतं. ओव्हॅल्ब्युमिन या दुसऱ्या प्रोटीनला 80 च्या आसपास लागतात. (टेस्टचं नाव मात्र अल्ब्युमिनचं!) ओव्होट्रान्सफेरिनचा आयसोइलेक्ट्रिक पॉइंट (ज्या पीएचला प्रोटीनवरचा एकूण विद्युतभार शून्य होतो तो) सहा-साडेसहाच्या दरम्यान, म्हणजे आपल्या बफरच्या अगदी शेजारी. तिथे प्रोटीन सहज एकत्र येऊन खाली बसतं. पीएच थोडा सरकला की तेच प्रोटीन विरघळलेलं राहतं आणि नळी स्वच्छ दिसते. क्लेझन-श्मिटनंतर (चाल्कोन बनवायची अल्कलीतली अभिक्रिया) चाल्कोन नीट धुतला नसेल, सोडियम हायड्रॉक्साइड मागे राहिलं असेल, तर 85 टक्के त्या अल्कलीचे असू शकतात. गाळणीवरचा केक गार पाण्याने धूत राहा, खाली येणारं पाणी लिटमसला न्यूट्रल होईपर्यंत. मग रिक्रिस्टलाइज करा. टीएलसीवर (शुद्धता बघायची पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) एकच ठिपका आणि नेमका मेल्टिंग पॉइंट मिळाल्याशिवाय बायोलॉजीकडे वळूच नका.

कंपाउंड विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ हे द्रावक सगळ्या नळ्यांत सारखं हवं, कंट्रोलमध्येसुद्धा. शिवाय प्रत्येक संहतीला अंडं नसलेला ब्लँक लावा आणि तोही तापवा. पिवळा रंग 660 ला फारसा त्रास देत नाही. बफरमध्ये खाली बसलेलं कंपाउंड देतं. सूत्र कंट्रोल वजा टेस्ट, भागिले कंट्रोल, गुणिले 100. काही पेपरांत टेस्ट भागिले कंट्रोल, वजा एक असं छापलेलं असतं. ते उचललंत तर गढूळपणा वाढला की इनहिबिशनही वाढेल.

एवढं सगळं नीट केलंत तरी ही चाळणीच. सूज उतरवणारं नेहमीचं औषध डायक्लोफेनॅक 50 मिलिग्रॅम घेतल्यावर रक्तात मिलीला एक-दोन मायक्रोग्रॅम असतं, त्यातलं 99 टक्क्यांहून जास्त प्रोटीनला चिकटलेलं. नळीत आपण मिलीला शेकडो मायक्रोग्रॅम घालतो.

पुढची पायरी म्हणून रॉ 264.7 पेशी (उंदराच्या मॅक्रोफेज पेशी) मला पटतात. पेशींना चेतवायला 1 मायक्रोग्रॅम/मिली एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक), 24 तास, मग ग्रीस रीएजंटने 540 नॅनोमीटरला नायट्राइट मोजायचं; दाह वाढला की ते वाढतं. मात्र सोबत एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते बघायची टेस्ट) हवीच. पेशी मेल्या तरी नायट्राइट उतरतं, आणि चाल्कोन पेशीतल्या थायॉलशी (गंधकाच्या -SH गटांशी) चिकटणारे, म्हणून पेशींना मारकही ठरू शकतात.

त्यापुढची, उंदराच्या पंजाला सूज आणून ती मोजायची टेस्ट विंटर आणि सहकाऱ्यांनी 1962 मध्ये मांडली, म्हणजे शिवाजी विद्यापीठाच्या स्थापनेच्या साली. ती आयएईसीच्या (संस्थेच्या प्राणी-नीती समितीच्या) मंजुरीशिवाय नाही. 150 ते 200 ग्रॅमचे रॅट, गटात सहा. कंपाउंड 0.5 टक्के सीएमसीत (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या दाट द्रावणात) तोंडावाटे. तासाभराने मागच्या पंजाच्या तळव्यात सूज आणणारं 1 टक्का कॅराजिनन 0.1 मिली. तुलनेचं स्टँडर्ड औषध म्हणून इंडोमेथॅसिन 10 मिलिग्रॅम/किलो. कॅराजिनन रात्रभर भिजवा, गाठी राहिल्या तर सुई तुंबते. घोट्यावर मार्करने रेघ मारा आणि प्लेथिस्मोमीटरमध्ये (पंजाचं आकारमान मोजायचं यंत्र) पंजा दर वेळी त्या रेघेपर्यंतच बुडवा. नाहीतर सूज न उतरताच आकडा उतरतो. पहिल्या तासाची सूज मुख्यतः हिस्टामिन-सेरोटोनिनची, प्रोस्टाग्लँडिनची नंतरची. तुमचं कंपाउंड कॉक्सवर (प्रोस्टाग्लँडिन बनवणाऱ्या एन्झाइमवर) चालतं असा दावा असेल तर तिसऱ्या तासाचं रीडिंग बघा. पहिल्याच तासाला सूज दाबली आणि तिसऱ्याला काही नाही, तर कॉक्सचं नाव थिसिसमधून काढा.