शनिवारी आमच्याकडे येताय?

अलिबागच्या इस्राएल आळीत आमचं, म्हणजे ज्यूंचं, मागेन आबोथ सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. पुरुषांनी डोकं झाकायचं. टोपी नसली तर रुमाल चालतो. मोबाइल बंद. फोटो तर नाहीच, शब्बाथ (आमचा विश्रांतीचा पवित्र दिवस) असतो. तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, उघडून वाचायला 13 वर्षांवरचे 10 ज्यू पुरुष लागतात. 1948नंतर बरीच घरं इस्राएलला गेली, त्यामुळे कधीकधी दहाव्या माणसाची वाट बघत बसायचं. तेवढ्यात कोणी ना कोणी विचारणारच, "आडनाव काय?" त्यावरून गाव काढायची आम्हा कोकणवाल्यांची खोड! किहीमचा किहीमकर, नवगावचा नवगावकर. प्रार्थना हिब्रूत, गप्पा मराठीत. किद्दूशला, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या पेल्याला, काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत मिळतं. नको म्हणू नका. पोहे-खोबऱ्याचा मलिदा मात्र एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नवसाचा, त्याला वेगळं आमंत्रण लागतं.