ल्विव्हमधले बिनशस्त्राचे सैनिक

युक्रेनला विमानाने जाता येत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ पासून तिथलं आकाश प्रवासी विमानांना बंद आहे. त्यामुळे पोलंडमधल्या क्राकोवहून सरहद्दीजवळच्या प्शेमिशलपर्यंत एक गाडी आणि तिथून पश्चिम युक्रेनमधल्या ल्विव्ह शहराची दुसरी. पोलंडचे रूळ १४३५ मिलिमीटर रुंदीचे, युक्रेनचे जुन्या रशियन मापाचे, १५२० चे, म्हणून सहसा गाडी बदलावी लागते. पासपोर्टच्या लांबलचक रांगेत बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. लढण्याच्या वयाच्या बहुतेक पुरुषांना लष्करी कायद्याखाली देश सोडायची मुभा नाही, त्यामुळे रांगेत ते जवळजवळ नव्हतेच.

आमच्या छोट्या गटाचं काम ठरलेलं होतं. युक्रेनच्या सैन्यातल्या धर्मगुरूंना, म्हणजे कापेलानांना, शोकग्रस्तांची आणि अपराधी मनाची पाळकीय सेवा कशी करावी हे शिकवायचं. वर्ग एका प्रार्थनामंदिराच्या तळघरात भरायचा. सायरन वाजला तरी कुणाला उठावं लागू नये, म्हणून मुद्दाम तळघर. पहिल्या सकाळी भोंगा झाला तेव्हा मी बोलता बोलता थांबलो. दुभाषी बाईंनी वरही न पाहता मला हातानेच ‘चालू द्या’ म्हणून खुणावलं.

समोर बसलेली मंडळी एरवी एका छताखाली दिसणार नाहीत अशी. दाढीवाले ऑर्थोडॉक्स, ग्रीक कॅथलिक (पोपना मानणारे, पण पूर्वेकडच्या पद्धतीने उपासना करणारे), गुळगुळीत दाढी केलेले प्रोटेस्टंट, म्हणजे बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल. २०१४ मध्ये पूर्व युक्रेनच्या दोनबास भागात लढाई सुरू झाली तेव्हा यांच्यातले काही जण स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या गाडीने आघाडीवर गेले होते. सैनिकी कापेलान सेवेचा स्वतंत्र कायदा २०२१ मध्ये झाला आणि जुलै २०२२ पासून लागू झाला. आता ते सैन्याचेच लोक आहेत, पगार आहे, गणवेश आहे. फक्त शस्त्र नाही. कायद्याने त्यांना ते बाळगता येत नाही.

माझी टिपणं अपराधभावावर होती, पण पहिला सगळा दिवस या एका वाक्यानेच खाल्ला.

पूर्वेच्या आघाडीवरून आलेला एक बाप्टिस्ट पाळक म्हणाला, “जिनिव्हा करारात आमचा जीव सुरक्षित आहे. ड्रोन उडवणाऱ्याला कुणीतरी सांगा.” १९४९ चा पहिला जिनिव्हा करार सैन्यासोबतच्या धर्मगुरूंना डॉक्टरांइतकंच संरक्षण देतो. पण जखमींच्या गाडीवरचा क्रॉस ड्रोनला लांबून दिसतो, म्हणून गाडीवरची खूण यांनी कधीच पुसून टाकली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं: जखमींच्या बचावासाठी वैद्यकीय पथकाला हलकं शस्त्र चालतं, मग त्याच गाडीत बसणाऱ्या मला का नको?

बराच वेळ कुणीच उत्तर दिलं नाही. मग एक वयस्क ग्रीक कॅथलिक धर्मगुरू बोलले. रात्री पोरं त्यांच्याकडे येतात, आपण कुणाला मारलं ते सांगायला. “कमांडरला सांगता येत नाही. मित्राला सांगावं तर त्यानेही मारलेलं असतं. माझ्या खांद्यावर बंदूक लटकली, की मीही त्यांच्यातलाच एक झालो.”

“आणि तुम्ही मेलात, की ती पोरं कुणाकडे येणार?” बाप्टिस्टाने विचारलं.

मला वयस्क धर्मगुरूंचं पटलं, अजूनही पटतं. अख्ख्या तुकडीत गोळी झाडण्याचा हुकूम देत नाही आणि घेतही नाही असा एक तरी माणूस हवा. मात्र हे मी खुर्चीत बसून म्हणतोय, पणाला लागलाय तो त्यांचा जीव.

दुसऱ्या दिवशी बायबलमधल्या स्तोत्रांवरून वेगळाच गोंधळ. युक्रेनी सैनिकांच्या खिशात हमखास सापडणारं स्तोत्र म्हणजे ९१ वं, परात्पराच्या आश्रयाचं. मी क्रमांक सांगितला आणि अर्ध्या वर्गाने भलतंच पान उघडलं, कारण ऑर्थोडॉक्स आणि ग्रीक कॅथलिकांच्या ग्रीक परंपरेच्या मोजणीत तेच ९० वं आहे! हसणं थांबल्यावर खरा प्रश्न आला. ते स्तोत्र खिशात असलेला मुलगा मरतो तेव्हा त्याच्या आईशी काय बोलायचं? तेव्हा आम्ही ८८ वं (त्यांचं ८७ वं) वाचलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारातच संपतं. एका ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी ते अंत्यविधीनंतर घरी गेल्यावर वाचता येईल का, असं विचारलं. त्यावर मंडळींनी जेवणाची सुट्टी विसरून चर्चा केली. निम्म्यांचं मत पडलं की आईसमोर नको, कापेलानाने स्वतःसाठी वाचावं.

गावात फिरायला फारसा वेळ मिळाला नाही. ल्विव्हचा जुना भाग १९९८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तिथले कितीतरी पुतळे संरक्षक आवरणांत गुंडाळलेले होते. फुटपाथवर जनरेटर घुरघुरत होते. गॅरिसन चर्चला मात्र गेलो. संत पेत्र आणि पौल यांचं हे जुनं जेझुइट चर्च सोव्हिएत काळात बंद करून पुस्तकांचं गोदाम केलं होतं. २०११ मध्ये ते पुन्हा उघडलं, आणि आज शहरातल्या कितीतरी शहीद सैनिकांचा अंत्यविधी तिथेच होतो. आम्ही पोहोचलो तेव्हा एक शवपेटी बाहेर येत होती. ट्रॅम थांबली. एक बाई भाजीची पिशवी बाजूला ठेवून रस्त्यावरच गुडघे टेकून बसली, मग तिच्यामागे आणखी माणसं. पुढे चालणाऱ्या कापेलानाला मी ओळखलं. सकाळी तो माझ्या वर्गात मागच्या बाकावर डुलक्या घेत होता, आणि मी मनातल्या मनात वैतागलोही होतो.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. सामूहिक फोटो काढला नाही. कोण कोणत्या तुकडीत आहे हे बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनीच नको म्हटलं. पुढच्या वेळी काय शिकवायचं, असं विचारल्यावर मला वाटलं होतं, आघातावर आणखी काही मागतील. पण वयस्क धर्मगुरू म्हणाले, आमच्या बायकांसाठी वर्ग घ्या. ग्रीक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंपैकी पुष्कळ जण संसारी असतात. नवरा आघाडीवर असताना गावातल्या विधवा याच बायकांचं दार ठोठावतात, आणि त्यांना कुणी काहीच शिकवलेलं नसतं. बाप्टिस्ट पाळकाने लगेच मान डोलावली. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. वसंतात तो वर्ग घ्यायचं ठरलंय, आणि शिकवायला या वेळी आमच्या गटातल्या दोघी जाणार आहेत.