आमची वाटचाल : काचांपासून सांध्यापर्यंत

गोव्यातल्या वेर्णे औद्योगिक वसाहतीत आमची सुरुवात लेझर कटिंग मशीनच्या संरक्षक काचा आणि नोझल बदलून देण्यापासून झाली. पत्र्याच्या वर्कशॉपांत आणि बार्जदुरुस्तीच्या यार्डांत फायबर लेझर आले, तशी सोर्स, म्हणजे लेझर जिथे तयार होतो तो डबा, उघडायची कामंही यायला लागली. आता मुख्य काम एकच: त्यातलं जळालेलं फायबर, म्हणजे लेझर घडवणारा काचेचा धागा, काढून नवं जोडणं.

फायबर आम्ही बनवत नाही, त्या फंदात पडणारही नाही. सिलिकाच्या नळीत सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि ऑक्सिजन सोडून सच्छिद्र थर बसवायचा, तो यटर्बियम (लेझर देणारं मूलद्रव्य) आणि ॲल्युमिनियम यांच्या क्लोराइडच्या द्रावणात भिजवायचा, क्लोरीन देऊन ओल काढायची, थर वितळवून काच करायची आणि २००० अंशांच्या वर नळी मिटवून भरीव दांडा करायचा. ॲल्युमिनियम कमी पडलं तर यटर्बियमचे पुंजके होतात आणि फायबर लवकर काळवंडतं. पुढे दांड्याच्या कडा घासून तो अष्टकोनी करतात आणि मग त्याचा धागा ओढतात. गोल ठेवला तर पंपाचा, म्हणजे फायबरला ऊर्जा देणाऱ्या डायोडांचा, बराच प्रकाश मधल्या गाभ्याला वळसा घालूनच पुढे जातो. हे सगळं एका शेडमध्ये होण्यासारखं नाही.

आमच्याकडे जास्त येतं ते २०/४०० चं फायबर: गाभा २० मायक्रॉन, त्याभोवतीची काच म्हणजे क्लॅडिंग ४०० मायक्रॉन. दोन्ही टोकांचं लेपन २५ मिमी सोलायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पुसायचा कागद दर वेळी नवा, नाहीतर निघालेला ॲक्रिलेट, म्हणजे लेपनाचं प्लास्टिक, परत चिकटतो. कापाचा कोन अर्ध्या अंशाच्या आत हवा. जुळवणी गाभा बघून करायची, कारण अष्टकोनाच्या कडा फसवतात. सांधल्यावर कमी अपवर्तनांकाचा, साधारण १.३७ चा ॲक्रिलेट भरून यूव्हीखाली पक्का करायचा. खरी मेख इथेच आहे. लेपात बुडबुडा राहिला किंवा काचेला बोट लागलं, की पंपाचा प्रकाश तिथून बाहेर पडतो, लेप तापतो, तापला की करपतो, आणि करपला की आणखी प्रकाश शोषतो. म्हणून पहिली चाचणी १० टक्के पॉवरवर, थर्मल कॅमेऱ्यासमोर. लेप ६० अंशांपुढे गेला तर सांधा तोडून पुन्हा करायचा. त्यात तडजोड नाही.

गोव्यातलं दुखणं मात्र वेगळंच. पावसाळ्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ थेंब धरते, २७ च्या आसपास येतो. लेझर थंड ठेवणाऱ्या चिलरचं पाणी २५ वर असलं की कूलिंग प्लेटला घाम फुटतो, डायोडवर थेंब बसतात. बरेच ऑपरेटर मग पाणीच २९ वर नेतात. पण साध्या डायोडची तरंगलांबी अंशाला ०.३ नॅनोमीटर सरकते आणि यटर्बियमची ९७६ नॅनोमीटरची शोषणरेषा अरुंद आहे. चार अंशांत सव्वा नॅनोमीटर जातो. न शोषलेला पंप पुढच्या टोकाला जाऊन तिथलं लेपन भाजतो. ९१५ नॅनोमीटरच्या पंपाला हे चालतं, पण शोषण कमी म्हणून फायबर लांब लागतं.

त्यामुळे आम्ही सांगतो: पाण्याला हात लावू नका, हवा कोरडी करा. खोली २६ अंश आणि ५० टक्क्यांवर आणली की दवबिंदू १५ च्या खाली उतरतो. एसी अर्धा तास आधी, चिलर नंतर. बंद करताना उलट, आधी चिलर. चवथीच्या सुट्टीनंतर मशीन सुरू करताना हा क्रम हमखास चुकतो, आणि त्याच आठवड्यात आमचा फोन सगळ्यात जास्त वाजतो.