लसीचा ताप की आधीच शिरलेला पीपीआर? माझा अनुभव

लस टोचल्यावर मेंढरू आजारी पडलं की पहिला आळ लसीवर येतो. आमच्या कळपातही तेच झालं. पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांत झपाट्याने पसरणारा विषाणूचा रोग. त्याची लस दिली आणि त्याच आठवड्यात मेंढ्यांची नाकं गळायला लागली. घरातली थोरली माणसं म्हणायला लागली, "सुईच लावायला नको होती." त्यांचा राग मला कळत होता, कारण समोर दिसत होतं ते तसंच होतं. पण खरं कारण वेगळं निघालं. ते कसं कळलं हे सविस्तर लिहितोय, कारण अशा वेळी घाबरून पुढचं लसीकरण बंद केलं की वाचलेली जनावरंही उघड्यावर पडतात.

लस देताना मी डॉक्टरांच्या शेजारीच उभा होतो. या लसीत जिवंत, पण निर्बल केलेला विषाणू असतो. कुपीच्या तळाशी पांढरट वडी बसलेली असते. गार द्रावण आत सोडून कुपी हलवली की ती लगेच विरघळते. मिसळलेली लस बर्फावर ठेवायची आणि साधारण दोन तासांत संपवायची, नाहीतर विषाणू मरतो आणि टोचून काही उपयोग होत नाही. कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली एक मिली सोडायची. कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि कुपीवरचा बॅच नंबर वहीत लिहून घेतला. लहान कोकरं मात्र डॉक्टरांनी बाजूला काढली. आईच्या चिकातून प्रतिकारशक्ती आली असेल, तर ती तीन-चार महिने टिकते आणि तोवर लसीतल्या विषाणूलाच मारून टाकते. ही वगळलेली कोकरं पुढे फार कामाला आली.

टोचून झाल्यावर डॉक्टर अर्धा तास थांबले. जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी आली तर ती बहुधा याच वेळात येते: मेंढी थरथरते, धापा टाकते, कोसळते. त्यासाठी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी होतं, पण लागलं नाही. दुसऱ्या दिवशी काही मेंढ्या मलूल दिसल्या, चाऱ्याला तोंड कमी लावत होत्या. थर्मामीटर 104 फॅरनहाइटच्या आसपास. मेंढीचं नेहमीचं तापमानच 102 ते 103 असतं, त्यामुळे हा ताप किरकोळच. लवकरच तो उतरला आणि मेंढ्या रवंथ करायला लागल्या. लसीची प्रतिक्रिया म्हणावी ती एवढीच. (लाळ्या-खुरकुताच्या तेलयुक्त लसीने टोचल्या जागी गाठ येते, कधी काही आठवडे राहते. तिला घाबरायचं कारण नाही. गाठ गरम लागली, दुखरी असली, आत पू झाला, तर मात्र सुई अस्वच्छ होती असं समजावं.)

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. ताप 105-106 वर गेला. डोळ्यांतून पाणी, नाकातून आधी पातळ आणि मग घट्ट पिवळा शेंबूड. तो वाळून नाकपुड्या बंद व्हायच्या आणि मेंढी तोंडाने श्वास घ्यायची. एकीचं तोंड उघडून पाहिलं तर खालच्या हिरडीवर कोंडा चिकटवल्यासारखा करडा थर होता. कापसाने पुसला तर खाली लालभडक कातडी निघालेली, आणि वास असा की मान फिरवावी लागली. मावा (तोंडाला खपल्या आणणारा मेंढ्यांचा दुसरा रोग) असता तर खपल्या ओठांवर बाहेरून दिसल्या असत्या. इथे सगळं आतून होतं. पुढे हगवण लागली.

डॉक्टरांनी मला विचारलं, "टोचलेली नाहीत ती कोकरं कशी आहेत?" तीही आजारी होती. इथेच लसीवरचा आळ बराचसा गळून पडला. लसीतला निर्बल विषाणू एका मेंढीतून दुसरीत पसरत नाही. मग न टोचलेल्या कोकरांना रोग आला कुठून? पीपीआरची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा चार ते सहा दिवस जातात. लसीने भरवशाची प्रतिकारशक्ती तयार व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. म्हणजे टोचणीच्या सुमारास विषाणू कळपात शिरलेला होता आणि लसीला काम करायला वेळच मिळाला नाही. पाणवठ्यावर येणाऱ्या दुसऱ्या कळपातही मेंढरं खोकत होती, हे नंतर समजलं.

तरी घरच्यांची खात्री पटवायला कागद हवा होता. रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तपासून उपयोग नव्हता, कारण ती लसीनेही तयार होतात आणि रोगानेही, आणि दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून ताप असलेल्या मेंढ्यांच्या नाकातले आणि डोळ्यांतले स्वॅब बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवले. आरटी-पीसीआर या विषाणू शोधणाऱ्या चाचणीत पीपीआर निघाला. पण तेवढ्याने लसीचा विषाणू वेगळा काढता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी आग्रहाने विषाणूच्या जनुकांची क्रमवारीही लावून घेतली. आमच्या लसीतला वाण नायजेरिया 75/1, तो पीपीआरच्या दुसऱ्या वंशावळीतला. आमच्या मेंढ्यांत सापडलेला चौथ्या वंशावळीतला. तो अहवाल मी घरात मोठ्याने वाचून दाखवला.

विषाणूवर औषध नाही. आजारी जनावरं वेगळी केली, चरायला नेणं आणि विक्री दोन्ही बंद ठेवलं, साथीची खबर पशुवैद्यकीय खात्याला दिली. पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने तोंडं धुतली, बोरोग्लिसरीन लावलं, नाकपुड्या ओल्या फडक्याने मोकळ्या केल्या. अँटिबायोटिक दिलं ते विषाणूसाठी नाही, त्याच्या पाठोपाठ होणाऱ्या न्यूमोनियासाठी. सगळ्यात जास्त कष्ट पाणी पाजण्यात गेले. हगवणीने सुकलेली मेंढी स्वतः उठून पाण्याकडे जात नाही. मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं, डोकं फार वर न उचलता पाजायचं, नाहीतर ते फुप्फुसात जातं. कोकरं बरीच गेली, काही गाभण मेंढ्या गाभडल्या. एक मेंढी मात्र, जिची आशा सोडली होती, सकाळी पाल्याचा शेंडा चघळताना दिसली आणि मला रडू आलं.

बऱ्या झालेल्या मेंढ्यांना या रोगाची प्रतिकारशक्ती आयुष्यभर पुरते. वाचलेल्या कोकरांना आणि नंतर जन्मलेल्यांना चौथा महिना उलटल्यावर लस दिली. ती टोचायला घेताना आता आधी प्रत्येकाचा ताप मोजतो, तापलेलं जनावर त्या दिवशी टोचत नाही, आणि आसपासच्या कळपात कुणी खोकतंय का, याची चौकशी केल्याशिवाय कुपी उघडू देत नाही.