शेवटच्या बाकावरून दिसतं का?

आपल्या शाळेच्या स्मरणिका समितीचा निरोप आला : आठवणी बाकीचे लिहितीलच, तू तुझ्या धंद्याबद्दल लिही, दहावी-बारावीच्या मुलांना उपयोग होईल. माझा धंदा डिजिटल साइनेजचा. स्टेशनावर, मॉलमध्ये, बँकेत, शोरूमच्या काचेमागे जे पडदे दिसतात ते विकायचे. सध्या विक्री विभाग सांभाळतो. आपल्या बाई फळ्यावर लिहून झालं की वर्गाच्या मागच्या टोकाला जाऊन स्वतः वाचून पाहायच्या. आमच्या धंद्याची पहिली पायरी तीच, आणि निम्मे घोटाळे ती गाळल्यामुळे होतात.

हॉलच्या रंगमंचावर एलईडी स्क्रीन बसवायचं शाळेने मनावर घेतलं आहे असंही कळलं. मग तोच हिशेब मांडतो.

कुठल्याही दुकानात गेलात तर पहिला प्रश्न येतो, ‘पी किती?’ पी म्हणजे पिच, दोन ठिपक्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर. पी-१० च्या एका चौरस मीटरमध्ये १०,००० ठिपके बसतात, पी-४ मध्ये ६२,५०० आणि पी-२.५ मध्ये १,६०,०००. ढोबळ नियम असा की पिच जितके मिलिमीटर, तितके मीटर लांब उभं राहिलं की ठिपके वेगवेगळे दिसत नाहीत. आपल्या हॉलमध्ये पहिली रांग साधारण १३ फुटांवर धरली, म्हणजे ४ मीटर, तर पी-४ पुरतो. विक्रेता पी-२.५ पुढे करील, कारण त्यात ठिपके अडीचपट आणि बिलही त्याच दिशेने वाढतं. पण त्या जादा पैशातला एक रुपयाही शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही. पिच पहिल्या रांगेवरून ठरतो, अक्षराची उंची शेवटच्या रांगेवरून. ही दोन गणितं वेगळी आहेत आणि ती एकत्र करणारे सेल्समन मी मुलाखतीतच ओळखतो.

अक्षराचा आडाखा दर १० फुटांना १ इंच. शेवटची रांग ६० फुटांवर, म्हणजे अक्षर ६ इंच, साधारण १५० मिलिमीटर. पी-४ वर ते ३८ ठिपक्यांत उमटतं, म्हणजे छान वाचता येतं. मात्र हा आडाखा रोमन लिपीचा. देवनागरीला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार लागतो. ओळीची उंची अक्षराच्या दुप्पट धरावी. १,९२० मिलिमीटर उंचीच्या स्क्रीनवर त्यामुळे सहा ओळींच्या वर जाऊ नये. दुकानावरच्या लाल धावत्या पाटीत हीच अडचण टोकाला जाते. ३२० बाय १६० मिलिमीटरच्या पी-१० मॉड्यूलमध्ये (मॉड्यूल म्हणजे पडद्याचा एक सुटा तुकडा) उंचीला जेमतेम १६ ठिपके. रोमन अक्षर सातात मावतं. ‘लक्ष्मी’ला सोळाही अपुरे. शिवाय स्वस्त कंट्रोलर कार्डाच्या (पाटीला मजकूर पुरवणाऱ्या सर्किटच्या) ॲपमध्ये मराठी टाइप केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. अशा वेळी मजकूर संगणकावर नीट जुळवून चित्र म्हणून पाठवायचा. कार्डाला ते फक्त ठिपके वाटतात, व्याकरण तुमच्याकडे राहतं.

आता मापं. ६४० बाय ४८० मिलिमीटरचे कॅबिनेट, म्हणजे मॉड्यूल बसवायच्या चौकटी, आडवे ६, उभे ४ लावले तर ३,८४० बाय १,९२० मिलिमीटरचा पडदा होतो, साधारण ७९ चौरस फूट. (इकडे भाव चौरस फुटाने सांगतात, कारखाना चौरस मीटरने; कोटेशन तपासताना एकदा गुणाकार करून बघा.) कॅबिनेट २४, प्रत्येकात मॉड्यूल ६, एकूण १४४. हा पडदा २:१ प्रमाणाचा आहे आणि तुमचा व्हिडिओ १६:९. म्हणजे बाजूला काळे पट्टे येणार, नाहीतर वरखाली कापला जाणार. हे ऑर्डरआधी सांगायचं असतं, उद्घाटनाच्या दिवशी नव्हे. १६:९ हवंच असेल तर ६०० बाय ३३७.५ मिलिमीटरचे कॅबिनेट मिळतात.

पी-४ मध्ये या पडद्याचे ठिपके ४,६०,८००. सेंडिंग कार्डाचं (संगणकाचं चित्र पडद्याकडे पाठवणाऱ्या कार्डाचं) एक गिगाबिट पोर्ट साधारण साडेसहा लाख ठिपके ओढतं, तेव्हा एक कॅट-६ वायर पुरते, पी-२.५ ला दोन लागतील. दुसरी गोष्ट रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं. १,९२० हर्ट्झचा माल डोळ्यांना ठीक दिसतो, पण स्नेहसंमेलनात शंभर पालक मोबाइल उगारतील तेव्हा प्रत्येकाच्या चित्रीकरणात काळ्या रेघा येतील. ३,८४० मागा. आणि उजेड? बंद हॉलला ६०० निट्स (उजेडाचं माप) भरपूर झाले. ५,००० च्या वरचा आकडा उन्हातल्या स्क्रीनसाठी असतो.

वीज जास्तीत जास्त पावणेचार किलोवॅट धरायची, सरासरी त्याचा तिसरा हिस्सा. हॉलचं अर्थिंग आधी मोजून घ्यायचं. सगळे पॉवर सप्लाय एकदम चालू केले की पहिल्या क्षणी करंटचा झटका बसतो आणि एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारा स्विच) पडतो. मग इलेक्ट्रिशियन एमसीबी मोठा बसवून मोकळा होतो. ते चूक आहे. दोन-तीन टप्प्यांत चालू होईल अशी टायमरसह जोडणी करायची. भिंतीला चिकटवणार असाल तर मॉड्यूल पुढून निघणारे घ्या. मागून दुरुस्ती करायची तर माणूस शिरेल इतकी, किमान दोन फूट जागा सोडावी लागते.

मैदानात, फाटकावर पडदा लावायचा विचार असेल तर विषय पार बदलतो. तिथे पुढून आयपी-६५ (धूळ-पाणी आत न जाऊ देणारा दर्जा) लागतो, पण खरा प्रश्न वाऱ्याचा. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रतिसेकंद धरला आहे, पुण्यासाठी ३९. मुंबईच्या वेगाने २० बाय १० फुटांच्या पडद्यावर ढोबळमानाने सव्वादोन टनांचा रेटा येतो. १३ मे २०२४ ला घाटकोपरला जे होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली, ते १२० बाय १२० फुटांचं होतं; महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला हाती येईपर्यंत ऑर्डर घ्यायची नाही, मग तिमाहीचं टार्गेट का हुकेना.

विक्रीप्रमुखाचं काम म्हणजे भाषण आणि सूट नव्हे. सोमवारच्या आढाव्यात मी चारच गोष्टी विचारतो : जागा कोणी पाहिली, विजेचं काम कोणाकडे, मजकूर कोण बनवणार, शेवटची सही कोणाची. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. पडदा लागतो, पण सहा महिन्यांनी त्यावर विक्रेत्याने दिलेले डेमोतले मासेच पोहत असतात. नाहीतर भर कार्यक्रमात विंडोज अपडेटची पाटी झळकते.

टार्गेटचं वर्ष मार्चला संपतं, आणि मॉड्यूल येतात मुख्यतः शेन्झेनहून. तिथले कारखाने चिनी नववर्षाला बंद असतात. २०२६ मध्ये ते १७ फेब्रुवारीला आलं. कामगार आधीच गावी निघतात, परतायला वेळ लावतात, वर न्हावा शेवा बंदरापर्यंत समुद्रमार्गाचे आठवडे. मार्चमध्ये बिल फाडायचं तर ऑर्डर डिसेंबरच्या आत कारखान्यात हवी. नवा मॅनेजर पहिल्या वर्षी इथेच अडकतो.

सरकारी खरेदी आता जेम (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस) पोर्टलवर होते आणि सर्वांत कमी भाववाला जिंकतो. निविदेत नुसतं ‘पी-२.५’ लिहिलं असेल तर रिफ्रेश, सुटे मॉड्यूल, सर्व्हिसची मुदत या सगळ्याला कात्री लागलेली असणार. खासगीत पैसे बहुधा ५०, ४० आणि १० टक्के अशा तीन हप्त्यांत येतात आणि शेवटचे १० टक्के लटकतात. कारण ‘काम पूर्ण’ म्हणजे काय हे कागदावर नसतं. लघुउद्योगाच्या पैशांसाठी २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांची मुदत घातली आहे, पण त्यासाठी उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आणि माल स्वीकारल्याची तारीख दोन्ही हातात हवेत.

मुलांनो, यात यायला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा बरा, कॉमर्सवालेही चालतात. अट एकच : पहिलं वर्ष इन्स्टॉलेशनच्या गाडीत काढायचं. ज्याने स्वतः मॉड्यूल बसवलेलं नाही तो ग्राहकाला खोटी तारीख देतो. पुढे ॲव्हिक्सा या ऑडिओ-व्हिज्युअल उद्योगाच्या संघटनेची सीटीएस परीक्षा द्यावी. सप्टेंबरात मुंबईत बीकेसीला इन्फोकॉम इंडियाचं प्रदर्शन भरतं, ते बघून यावं.

आणि समितीसाठी. ऑर्डरमध्येच आठ सुटी मॉड्यूल त्याच बॅचची मागा. दुसऱ्या बॅचचं मॉड्यूल लावलं की पांढऱ्या पडद्यावर ठिगळ दिसतं, ते कॅलिब्रेशननेही (रंग-उजेड जुळवूनही) पूर्ण जात नाही. ही सुटी मॉड्यूल प्रयोगशाळेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या घालून, हवाबंद पिशवीत ठेवा. जून ते सप्टेंबर कार्यक्रम असो-नसो, शिपाईमामांनी आठवड्यातून दोनदा दोन तास पडदा चालू करायचा. आधी मंद उजेडावर, एकदम पूर्ण नाही; बंद पडद्यात शिरलेला ओलावा तापून फुटला की ठिपके मरतात.