चिपचा ठसा, भाग ७ : दिवा विझलाच नव्हता

तीन आठवडे छळणारं कोडं काल रात्री पावणेबाराला सुटलं.

गेल्या भागात लिहिलं होतं की एसरॅमचा ठसा (चिपच्या मेमरीत वीज येताच आपोआप उमटणारा ०-१ चा नमुना, प्रत्येक चिपचा वेगळा) दहाच्या दहा वेळा हुबेहूब येतोय. त्याच भरात पाचही ब्लू पिलांचे (एसटीएम३२ चिपच्या छोट्या बोर्डांचे) हॅश, म्हणजे ठशावरून गणिताने काढलेले आकडे, इथरियमच्या टेस्टनेटवर (चाचणीच्या ब्लॉकचेनवर) नोंदवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच बोर्ड लावले, तर एकही हॅश जुळेना. आधी संशय केकॅकवर, म्हणजे हॅश काढायच्या पद्धतीवर गेला. इथरियमचा केकॅक-२५६ आणि पायथनचा एसएचए३-२५६ यांत पॅडिंगच्या (शेवटी भरतीला जोडलेल्या) बाइटचा फरक, पण उत्तर पार वेगळं. पण माझा केकॅक बरोबर निघाला. मग पावसाळ्याच्या दमटपणावर खापर फोडून झालं.

काल झोपायला म्हणून खोलीतली लाइट घालवली, तर अंधारात बोर्डचा लाल एलईडी अगदी मंद पेटलेला. ३.३ व्होल्टची वायर तर काढून बाजूला ठेवलेली! व्हीडीडीवर, म्हणजे चिपच्या वीजपुरवठ्याच्या पिनेवर, मल्टिमीटर लावला: १.७ व्होल्ट.

चोर होती सीरियल अ‍ॅडॅप्टरची (बोर्ड संगणकाला जोडतो तो) टीएक्स, म्हणजे डेटा पाठवणारी लाइन. डेटा नसतानाही ती ३.३ वरच असते. मी ती चिपच्या पीए३ पिनेला जोडलेली, आणि पीए३ पाच व्होल्ट सहन करणाऱ्या पिनांतली नाही. त्यामुळे तिच्या आतल्या डायोडमधून वीज व्हीडीडीवर झिरपत राहिली, एसरॅम पुसलाच गेला नाही. दहा ठसे म्हणून मी एकच ठसा दहादा वाचत होतो.

आता टीएक्सही काढतो, व्हीडीडी-ग्राउंडमध्ये १ किलोओम लावून दहा सेकंद थांबतो. एकाच चिपच्या दोन ठशांत शंभरातले चार-पाच बिट हलतात, दोन चिपांत निम्म्याच्या आसपास. पफ (चिपच्या घडणीतून आलेली, नक्कल न होणारी ओळख) असाच वागायला हवा. फार बरं वाटलं!

पण मग थेट हॅश बाद, एक बिट हलला तरी तो पार बदलतो. बीसीएच कोड लावून चुका दुरुस्त कराव्या लागतील. आणि लिहिता लिहिता सुचतंय, ठशाचा हॅश साखळीवर (ब्लॉकचेनवर) ठेवायचाच कशाला? तो कुणीही उचलून परत पाठवेल. ठशातून खासगी किल्ली काढू, साखळीवर फक्त तिच्या जोडीची, सगळ्यांना दिसणारी पब्लिक की, आणि दर वेळी नव्या आकड्यावर चिपने सही करायची. इथरियममधलं तयार फंक्शन ईसीरिकव्हर ती सही ३००० गॅसमध्ये (इथरियमवर कामाचं मोजमाप) तपासतं.

चिपमध्ये कारखान्यातच घातलेल्या ९६ बिटांच्या यूआयडीवर (ओळख-क्रमांकावर) माझा भरवसा नाही, तो कुणालाही वाचता येतो. लॅमिंग्टन रोडवर घेतलेल्या पाचांपैकी दोघांचा आयडीकोड (डीबगर जोडल्यावर चिप सांगते तो आकडा) २ ने सुरू होतो, अस्सलचा १ ने. वरची छपाई मात्र बिनचूक. नोंद करण्याआधीच ही चाळणी लावायला हवी होती.

पाचही जुन्या नोंदी कॉन्ट्रॅक्टमध्ये (ब्लॉकचेनवरच्या माझ्या प्रोग्रॅममध्ये) रद्द केल्यात. त्या हॅशवर कुणी काही उभारलं असेल तर थांबा. शनिवारी बोर्ड झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवणार, थंडीत किती बिट हलतात ते बघायला.